पीआर टाकणारे वाढले, वाचणारे तेवढेच राहिले

सांगलीचं वालचंद, इस्लामपूरजवळचं राजारामनगर, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय. गेल्या दहा वर्षांत या पट्ट्यातल्या मुलांच्या बायोडेटात ‘ओपन सोर्स’ चांगलंच रुळलं. वालचंदच्या लिनक्स यूझर्स ग्रुपसारख्या, विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या गटांचा त्यात मोठा वाटा आहे. कुणाची ओळखपाळख नसलेल्या मुलाचा कोड परदेशातला मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, ओळ न् ओळ वाचतो, चूक दाखवतो, सुधारून पुन्हा मागतो, तेही फुकट. भरलेल्या वर्गात इतकं बारकाईनं कुणाचं काम तपासलं जातं?

पण आपण कोड पाठवायला शिकवलं, वाचायला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ते उघडं पडलं. ओपन सोर्सला हातभार लावायचा ऑक्टोबरातला उपक्रम, हॅक्टोबरफेस्ट, २०१४ पासून चालू होता; २०२० मध्ये चार पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे कोडमधल्या बदलाचे प्रस्ताव) केल्या की टी-शर्ट मिळायचा. भारतातल्या एका यूट्यूब व्हिडिओनंतर रीडमीत एखाददुसरा शब्द घुसडलेल्या पीआरचा पूर आला. दमलेल्या मेंटेनरांची ओरड इतकी झाली की पहिल्या दोन-तीन दिवसांतच आयोजकांनी नियम बदलला: प्रकल्पानं स्वतःहून होकार दिला, तरच तिथली पीआर मोजायची. २०२३ मध्ये टी-शर्टही बंद झाले.

मार्च २०२४ मधलं ‘एक्सझेड’ प्रकरण मात्र फार गंभीर होतं. हे कॉम्प्रेशनचं साधन जगभरातल्या लिनक्समध्ये असतं आणि अनेक वर्षं ते मुख्यतः एकटा माणूस सांभाळत होता. ‘जिया टॅन’ नावाच्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ उपयोगी पॅच देऊन विश्वास कमावला. दरम्यान इतर खात्यांवरून ‘नवा मेंटेनर घ्या’ असा दबाव येत राहिला. शेवटी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. त्याचा एक धागा टेस्टच्या फायलींत दडवलेला होता, दुसरा फक्त प्रकाशित संचात. गिटमधला कोड वाचून तो दिसलाच नसता. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला पडला, म्हणून तो सापडला.

आता एआय मिनिटांत पॅच लिहून देतो. तो पॅच उतरवून घेणं, आपल्या मशीनवर चालवणं, टेस्ट मोडते का पाहणं आणि ‘हे इथं का?’ असं विचारणं, याला पूर्वीइतकाच वेळ लागतो. म्हणून कराड-सांगलीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या गटाच्या कोडवर लिहिलेल्या रिव्ह्यूलाही गुण असावेत, असं मला मनापासून वाटतं. निम्मे दिले तरी चालतील.