वितळविलेले रुपये आणि जोना लोमू

कलकत्त्यातील गोऱ्या साहेबांचा एक क्लब, जो नावाने फुटबॉलचा असला तरी खेळाने रग्बीचा होता, सभासद गळू लागल्यामुळे मोडकळीस आला, तेव्हा त्याच्या कारभाऱ्यांनी पेढीतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळविले, आणि नागफण्यांच्या तीन मुठी व झाकणावर हत्ती असलेला एक चषक घडवून १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेस नजर केला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड हे देश त्या चषकासाठी झुंजत आले आहेत. क्लबच्या मनात असा काही हेतू खचित नव्हता. तथापि पैसा वितळवून त्याची शोभेची वस्तू करावी, पण तो खेळाडूच्या हाती जाऊ देऊ नये, हा त्या खेळाचा पुढील शतकभराचा कुलधर्म मला त्या चषकात मूर्त झालेला दिसतो.

हा कुलधर्म गोरगरिबांच्या मुळावर आला. शनिवारी सामना खेळावयाचा तर खाणीतील अथवा गिरणीतील मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडे, आणि तिची भरपाई मागणे हाच धर्मलोप ठरे. म्हणून २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तर इंग्लंडमधील क्लब हडर्सफील्ड येथील एका हॉटेलात जमून वेगळे झाले, आणि त्यांच्या पंथातून पुढे ‘रग्बी लीग’ हा निराळा खेळ उपजला. मूळ पंथ, म्हणजे ‘रग्बी युनियन’, हौशीपणाचे सोवळे नेसून बसला. जत्रेच्या फडात जिंकलेल्या मल्लाने भर मैदानात इनाम स्वीकारावे आणि संस्थानाने त्याच्या खुराकाची तजवीज करावी, यात काही गैर आहे असे ज्यांच्या आजोबा-पणजोबांना कधी वाटले नाही, त्या आपल्यासारख्यांना हे सोवळे उमजणे जरा कठीणच.

अशा खेळात जोना लोमू अवतरला. १२ मे १९७५ रोजी ऑकलंड येथे टोंगन मातापित्यांच्या पोटी त्याचा जन्म झाला. बाळपणाची काही वर्षे टोंगा बेटांवर नातलगांकडे आणि पुढची दक्षिण ऑकलंडमधील मांगेरे या वस्तीत गेली. तेथील दंग्याधोप्यांपासून दूर ठेवावे म्हणून त्याला वेस्ली कॉलेज या मेथडिस्ट वसतिशाळेत घालण्यात आले. तेथे तो फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये खांद्याला खांदा भिडविणाऱ्या धिप्पाड मंडळींपैकी एक होता. पण सहा फूट पाच इंच उंचीचा आणि सव्वाशे किलोच्या आसपास वजनाचा हा मुलगा शंभर मीटर अंतर अकरा सेकंदांच्या आत कापतो असे आढळल्यावर त्याची रवानगी विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला झाली. २६ जून १९९४ रोजी, वयाच्या १९ वर्षे ४५ व्या दिवशी, फ्रान्सविरुद्ध क्राइस्टचर्च येथे तो न्यूझीलंडचा सर्वांत लहान कसोटीपटू ठरला. तो सामना ८–२२ असा, आणि पुढील आठवड्यातला ऑकलंडचा सामना २०–२३ असा हातचा गेला. विंगवर नुसत्या बळाने भागत नाही. पाठीमागे उंच मारलेला चेंडू कोठे पडेल याचा अदमास घेऊन आधीच पाऊल मागे टाकावे लागते, आणि ही विद्या स्क्रममध्ये वाढलेल्या पोराला कोणी शिकविलेली नव्हती. त्याची संघातील जागा डळमळली. दमसासाबद्दलही प्रशिक्षक लॉरी मेन्स यांचे समाधान होईना.

वर्षभराने तोच दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात उतरला. आयर्लंडविरुद्ध दोन ट्राय (म्हणजे प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकविणे), स्कॉटलंडविरुद्ध एक. आणि १८ जून १९९५ रोजी केप टाउनच्या न्यूलँड्स मैदानावर, इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, चार. त्यांतील पहिलीत टोनी अंडरवुडला मागे टाकून, इंग्लंडचा कर्णधार कार्लिंग याच्या हाताचा ओझरता फटका बसल्याने झोकांड्या खात, समोर आडवा आलेल्या माइक कॅटच्या छातीवर पाय देऊन तो जसा पलीकडे गेला, तसा बैल बुजलेल्या गाडीने एखादा कुंपणाचा काटा चेपावा. न्यूझीलंडने ४५–२९ असा विजय मिळविला.

त्या चार ट्राय पाहून माध्यमसम्राट रुपर्ट मरडॉक यांनी हा खेळ विकत घेण्याचे फर्मान सोडले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांच्या संघटनांनी त्यांच्या कंपनीशी केलेला दहा वर्षे मुदतीचा आणि ५५ कोटी अमेरिकन डॉलरांचा प्रक्षेपणहक्कांचा करारनामा २३ जूनला, अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, जाहीर झाला हे खरे. परंतु इतक्या रकमेचे व्यवहार पाच दिवसांत ठरत नसतात. सौदा आधीच शिजत होता. त्याला चेहरा तेवढा हवा होता, आणि तो वीस वर्षांच्या या पोराचा मिळाला. गंमत अशी की अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने त्याला एकदाही गोलरेषा ओलांडू दिली नाही आणि, जादा वेळेत, जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलने १५–१२ असा चषक नेला.

ऑगस्टमध्ये पॅरिस येथे जागतिक मंडळाने हौशीपणाचा दंडक मोडीत काढला. हडर्सफील्डच्या फुटीला तेव्हा शतक भरत होते. १९९६ पासून लोमू ऑकलंड ब्लूज संघाकडून सुपर १२ ही नवी स्पर्धा खेळू लागला, आणि पहिल्याच वर्षी त्या संघाने ती जिंकली. ६ जुलैला वेलिंग्टनच्या मुसळधार पावसात ऑस्ट्रेलियाचा ४३–६ असा जो फडशा उडाला, त्यातही त्याची एक ट्राय होती. परंतु मूत्रपिंडाचा नेफ्रोटिक सिंड्रोम हा गंभीर विकार या सुमारास उघडकीस आला, आणि १९९७ चा बहुतेक मोसम त्याला औषधोपचारांत घालवावा लागला. वर्षअखेरीच्या ब्रिटनच्या दौऱ्यावर तो पुन्हा न्यूझीलंडची काळी जर्सी घालून उतरला, तेव्हा त्याला बाविसावे वर्ष उलटून जेमतेम सहा महिने झाले होते.