रोग्याच्याच रक्तातलं औषध

मी रक्तपेढीतून निवृत्त झाले, तरी लोकांच्या लेखी अजून 'रक्तवाल्या काकू'च आहे. सोसायटीत, नात्यात कुणाचे सीबीसीचे आकडे बिघडले की रिपोर्टचा फोटो माझ्या फोनवर येतो. अलीकडे त्याच्या जोडीला एक फॉरवर्डही येतं: आयआयटीने ब्लड कॅन्सरवर इंजेक्शन काढलं, एकदाच घ्यायचं, कॅन्सर गायब. खाली हात जोडल्याची चित्रं. त्यातलं 'आयआयटी' खरं आहे. 'एकदाच घ्यायचं' हेही बऱ्यापैकी खरं आहे. 'गायब'शी मात्र माझं भांडण आहे. आणि 'इंजेक्शन' म्हटलं की वाटतं, केमिस्टच्या फ्रीजमध्ये ठेवलेली बाटली असेल. तशी ती वस्तूच नाही. ती प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बनवावी लागते आणि कच्चा माल त्याच्याच शिरेतून काढतात.

रक्त सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवलं की तळाला लाल पेशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि दोहोंच्या मध्ये दुधावरच्या सायीसारखा एक पातळ पांढरट थर धरतो. आमच्याकडे त्याला बफी कोट म्हणतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्यात असतात. एफेरेसिसचं यंत्र हेच काम माणूस खुर्चीत बसलेला असताना करतं: रक्त बाहेर घेतं, फिरवतं, हवा तेवढा भाग पिशवीत काढतं आणि बाकीचं परत देतं. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालावं लागतं. त्याने रक्तातलं कॅल्शियम थोडं उतरतं, ओठांभोवती मुंग्या येतात. मग आम्ही कॅल्शियमची गोळी दात्याच्या हातावर ठेवायचो आणि गप्पा सुरू ठेवायचो.

माझी नोकरी या यंत्रावर प्लेटलेट काढण्यात गेली. त्या पिशवीत पांढऱ्या पेशी उतरू नयेत म्हणून आमची धडपड असे, कारण त्या गेल्या की रुग्णाला थंडी वाजून ताप भरायचा. ज्यांना आम्ही कचरा समजून टाळत होतो त्या पेशींचंच आता औषध होतं, हे समजायला मला जरा वेळ लागला.

पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइटांत दोन मोठी घराणी आहेत. बी-पेशी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करण्याच्या कामाच्या. टी-पेशी स्वतः जाऊन बिघडलेल्या पेशीला मारतात. शाळेच्या पुस्तकांत यांना 'शरीराचे सैनिक' म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. सैनिकाला शत्रू परका दिसतो. इथे सगळी अडचण अशी की ज्या ल्युकेमियाविषयी मी बोलतेय त्याची पेशी ही घरचीच बी-पेशी असते, वाढ थांबवणं विसरलेली. टी-पेशी तिच्या शेजारून जाते आणि तिला काही वावगं दिसत नाही.

ते दिसावं म्हणून काय करायचं? इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशार यांनी 1989 मध्ये एक युक्ती मांडली. प्रतिपिंडाचं टोक एखाद्या रेणूला नेमकं पकडतं, पण त्याला मारता येत नाही. टी-पेशीला मारता येतं, पण हवं ते पकडता येत नाही. दोन्हींची जनुकं जोडून एशार यांनी टी-पेशीवर नवा ग्राहक रेणू बसवला. त्यालाच 'कार' म्हणतात आणि उपचाराला 'कार-टी'. न्यूयॉर्कच्या मिशेल सॅडलेन यांनी पुढे त्या रेणूत टी-पेशीला टिकून राहायला लावणारा भाग जोडला आणि नेम धरायला सीडी-19 हा रेणू निवडला.

ही निवड मला सगळ्यात हुशारीची वाटते. सीडी-19 हा रेणू जवळजवळ प्रत्येक बी-पेशीवर असतो, चांगल्या आणि वाईट दोन्ही. म्हणजे उपचारात चांगल्या बी-पेशीही मरणार. पण बोनमॅरोतल्या मूळ पेशींवर तो नसतो, आणि बी-पेशींवाचून माणूस जगू शकतो. लागलीच तर बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देता येतं. यकृताचं किंवा फुप्फुसाचं असं करता येत नाही. म्हणून हे औषध आधी रक्ताच्या कॅन्सरवर चाललं. स्तनाच्या वा आतड्याच्या गाठींवर ते अजून तसं चालत नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. तिथे नेम धरायला इतका सोयीचा रेणू सापडत नाही.

आता हा उपचार रुग्णांपर्यंत नेणाऱ्या कार्ल जून यांच्याविषयी. हा मूळचा अमेरिकी नौदलातला डॉक्टर, एचआयव्हीवर काम करणारा. एचआयव्ही टी-पेशींनाच खातो. त्यामुळे या पेशी शरीराबाहेर वाढवायच्या कशा हे ब्रूस लेव्हिन या सहकाऱ्यासोबत त्यांनी शोधलं होतं: बारीक चुंबकीय मण्यांवर दोन प्रतिपिंडं चिकटवायची, टी-पेशींना त्यांच्यात सोडायचं, की त्या भराभर दुणावतात. पेशीत नवं जनुक पोहोचवायला त्यांनी वापरला तोही एचआयव्हीपासून केलेला, रोग देण्याची ताकद काढून टाकलेला विषाणू. दरम्यान त्यांच्या पत्नी सिंथिया यांना अंडाशयाचा कॅन्सर झाला. 2001 मध्ये त्या गेल्या आणि जून यांनी पुढचं सगळं काम कॅन्सरकडे वळवलं. त्यांनी वापरलेल्या रेणूचा आराखडा मुळात दारिओ कांपाना यांच्या प्रयोगशाळेतला. त्यावरून पुढे कोर्टबाजीही झाली आणि 2015 मध्ये तडजोड झाली. विज्ञानाच्या गोष्टी सांगताना हा भाग गाळतात, मी गाळणार नाही.

2010 च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांच्याकडे पहिला रुग्ण आला: बिल लुडविग, तुरुंगातले निवृत्त अधिकारी. त्यांच्यामागून आणखी दोघं. तिघांनाही जुनाट ल्युकेमिया, औषधं थकलेली. पेशी दिल्यावर त्यांना सडकून ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा दोघांच्या शरीरात कॅन्सर सापडेना. तिसऱ्याचा कमी झाला. प्रत्येकाच्या अंगातून किलोच्या हिशेबात कॅन्सर नाहीसा झाला होता. तरी पुढच्या रुग्णांसाठी संशोधकांकडे पैसे उरले नव्हते. सरकारी अनुदान आधीच नाकारलं गेलं होतं. 2011 मध्ये तिघांची हकीकत छापून आली, तेव्हा कुठे कंपन्यांनी दार ठोठावलं.

2012 च्या एप्रिलमध्ये एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात आली. ल्युकेमिया दोनदा उलटलेला. पेशी दिल्यावर ती व्हेंटिलेटरवर गेली, वाचेल असं कुणाला वाटेना. तपासणीत इंटरल्यूकिन-6 हा रेणू रक्तात भलताच वाढलेला दिसला. टी-पेशी इतक्या जोमाने कामाला लागल्या होत्या की त्यांच्या रसायनांनीच पोर चालली होती. इंटरल्यूकिन-6 ला अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध जून यांना ठाऊक होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता. जपानच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या संशोधनातून आलेलं हे संधिवातावरचं औषध एमिलीला दिलं आणि काही तासांत ती सावरू लागली. सातव्या वाढदिवशी, 2 मे रोजी, ती शुद्धीवर आली. हेच टोसिलिझुमॅब 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडची माणसं दुकानादुकानांतून शोधत फिरत होती. नाव आठवत असेल.

हे झालं यश. आता दुसरी बाजू. एका रुग्णाच्या बाबतीत, पेशी तयार करताना टी-पेशींसोबत एकुलती एक कॅन्सरची पेशी चुकून प्रक्रियेत गेली आणि नवं जनुक तिच्यातही शिरलं. त्यामुळे तिच्यावरचा सीडी-19 झाकला गेला. टी-पेशींना ती दिसेना, ती वाढत गेली आणि रुग्ण दगावला. 2018 मध्ये हे प्रसिद्ध झालं. रक्तपेढीत काम केलेल्या कुणालाही हे वाचून झोप लागणार नाही. काही रुग्णांत तर कॅन्सर सीडी-19 टाकूनच देतो आणि परत येतो. म्हणून 'गायब' नको.

30 ऑगस्ट 2017 ला अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचाराला मंजुरी मिळाली. किंमत 4,75,000 डॉलर. रुग्णाच्या पेशी गोठवून न्यू जर्सीतल्या कारखान्यात जाणार, तिथून परत येणार. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार 2013 मध्ये रुजू झाले, त्याआधी ते बोस्टनला संशोधन करत होते. हेच औषध आपल्याकडे बनवायचं असं त्यांनी मनावर घेतलं. अल्का द्विवेदी, अथर्व करुळकर आणि इतर तरुण मंडळी त्या कामात होती, टाटा रुग्णालयातून गौरव नरुला आणि हसमुख जैन. पुरवार यांच्या गटाने सीडी-19 पकडणारं टोक उंदराच्या प्रतिपिंडाऐवजी जास्तीत जास्त माणसासारखं करून घेतलं. जून 2021 मध्ये टाटा रुग्णालयाच्या खारघर केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी 'नेक्सकार-19' या नावाने त्याला परवानगी दिली, 4 एप्रिल 2024 ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत लोकार्पण झालं. पेशी नवी मुंबईतच तयार होतात. पाठोपाठ बेंगळुरूच्या इम्युनील कंपनीचंही औषध आलं.

2025 मध्ये 'लॅन्सेट हिमॅटोलॉजी'त नेक्सकार-19चे निकाल छापून आले. 64 जणांना उपचार दिला होता. ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला त्या 51 पैकी 73 टक्क्यांत कॅन्सर कमी झाला किंवा नाहीसा झाला. उपचारामुळे दोघांचा मृत्यू झाला. दुसरे सगळे उपाय हरल्यावर आलेली ही माणसं होती, हे ध्यानात ठेवून आकडा वाचावा. चांगला आकडा आहे.

किमतीचं मात्र स्पष्ट बोलू. अमेरिकेच्या साधारण दहाव्या हिश्श्यात म्हणजे तरीही 30-40 लाखांच्या घरात, रुग्णालयाचा मुक्काम निराळा. दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत उतरलेल्या, यवतमाळहून किंवा नंदुरबारहून आलेल्या कुटुंबाला चार कोटी काय आणि चाळीस लाख काय. औषध इथे बनू लागलं हे मोठंच काम झालं. सरकारी योजनांनी ते उचललं नाही तर ते शहरातल्या पैसेवाल्यांचंच राहील, असं माझं मत आहे. घरात कुणावर ही वेळ आली तर डॉक्टरांना थेट विचारा: आमचा कॅन्सर बी-पेशींचाच आहे ना, सीडी-19 तपासलंय का, आणि एकूण खर्च किती, नुसता पेशींचा नव्हे.

आणि एक. पेशी देण्याआधी तीन दिवस किमो देतात. त्याने आणि नंतर पेशींच्या परिणामाने काउंट धाडकन पडतात. त्या आठवड्यांत रुग्णाला कुणा अनोळखी माणसाच्या प्लेटलेटवर दिवस काढावे लागतात. प्लेटलेटची पिशवी पाच दिवसांपलीकडे टिकत नाही, साठा करता येत नाही. तुमचं वजन 50 किलोंच्या वर असेल, तब्येत ठणठणीत असेल आणि गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसेल, तर जवळच्या मोठ्या रक्तपेढीत जाऊन 'एसडीपी (यंत्रावर एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेट) द्यायची आहे, माझा नंबर लिहून ठेवा' असं सांगा. तास-दीड तास लागतो. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत दाते मिळत नाहीत, तेव्हा तर नक्की जा.