नवें मूत्रपिंड आणि हृदयाचीं औषधें

दुसऱ्याच्या शरीरांतील अवयव आपल्या शरीरांत बसविणें ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांना कल्पनेंतलीच वाटली असती. १९६७ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेंतील केपटाऊन येथें डॉ. बर्नार्ड यांनीं मनुष्याच्या हृदयाचें पहिलें रोपण केलें. पुढें अडीच महिन्यांच्या आंतच, १९६८ च्या फेब्रुवारींत, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तोच प्रयत्न करून पाहिला. मुंबईचा रोगी कांहीं तासच जगला. केपटाऊनचा अठरा दिवसांनीं न्यूमोनियानें गेला. शस्त्राचें काम हातांना साधूं लागलें होतें. शरीराचा स्वभाव मात्र अजून औषधाला वश झाला नव्हता.

हा स्वभाव कोणता? जें बाहेरून आलें त्याला परकें मानून त्यावर तुटून पडावयाचें, हें रक्तांतील पांढऱ्या पेशींचें काम आहे. रोगजंतूंच्या बाबतींत तें उपकारक ठरतें. परंतु आईनें मुलाला दिलेलें मूत्रपिंडही या पेशींना परकेंच वाटतें. म्हणून रोपण झालेल्या मनुष्यास त्यांना लगाम घालणारें औषध बहुधा जन्मभर घ्यावें लागतें. नॉर्वेंतील मातींत सांपडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळालें आणि त्याचा हा गुण १९७२ मध्यें स्वित्झर्लंडमधील बाझल येथें ध्यानांत आला. १९८४ मध्यें जपानांतील त्सुकुबा येथल्या मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून टॅक्रोलिमस निघालें. आज मूत्रपिंडरोपणाचा मोठा भार या दुसऱ्या औषधावर आहे.

या दोन्ही औषधांची वाट फार अरुंद आहे. रक्तांतील प्रमाण घटलें तर शरीर नवा अवयव नाकारतें. तें वाढलें तर हात कांपूं लागतात, रक्तदाब चढतो, आणि ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठीं औषध घ्यावयाचें त्यालाच तें विषासारखें बाधतें. म्हणून सकाळची गोळी घेण्यापूर्वीं रक्त काढून औषधाचें प्रमाण वरचेवर मोजावें लागतें. गोळीवर लिहिलेले मिलिग्रॅम आणि रक्तांत पोंचलेलें औषध हीं एक नव्हेत, हें या विषयाचें मर्म आहे.

हें कसें घडतें तें पाहूं. पूर्वीं शहराच्या वेशीवर जकातनाका असे आणि प्रत्येक गाडीला तेथें थांबून कर भरावा लागे. आंतड्याच्या अस्तरांत व यकृतांत असाच एक नाका आहे. तेथील एन्झाइम, म्हणजे औषधें मोडून टाकणारें द्रव्य, इतका कर वसूल करतें, कीं टॅक्रोलिमसच्या गोळींतील सरासरी चौथा हिस्साच रक्तांत पोंचतो. आतां दुसऱ्या एखाद्या औषधानें नाकेदारालाच अडवून धरलें, तर कर न भरतां माल आंत शिरतो. गोळी तीच, वेळ तीच. पण रक्तांतील औषध दुप्पटही होऊं शकतें.

हृदयाचीं कांहीं नेहमींचीं औषधें हेंच करतात. रक्तदाबासाठीं व छातींतील कळेसाठीं दिलीं जाणारीं डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल हीं नाकेदाराला अडवितात. हृदयाचे अनियमित ठोके ताळ्यावर आणणारें अमिओडेरोनही तसेंच. शिवाय तें बंद केल्यावरही त्याचा अंमल कित्येक आठवडे टिकतो. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या सिमव्हास्टॅटिनची गोष्ट उलटी आहे. सायक्लोस्पोरिन त्याचीच वाट अडवितें, तें रक्तांत सांचतें आणि स्नायू झिजून त्यांचा गाळ मूत्रपिंडांत अडकूं शकतो. म्हणून हीं दोन औषधें एकत्र देऊं नयेत असा दंडक आहे. रामिप्रिल किंवा लोसार्टन यांचा प्रश्न निराळा. तीं नाकेदाराला अडवीत नाहींत, पण टॅक्रोलिमसप्रमाणेंच तीं रक्तांतील पोटॅशियम वाढवितात. दोन्ही मिळून तें फार वाढलें तर हृदयाची चालच बिघडते. अशा रोग्यास शक्तीसाठीं म्हणून रोज नारळाचें पाणी पाजणें हें प्रेम असलें तरी हित नव्हे. गणपतीच्या दिवसांत बाजारांत येणारें पपनसही त्यानें वर्ज्य मानावें, कारण त्याचा रस नाकेदाराला अडवितो.

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. जें डिल्टियाझेम नकळत घेतलें तर घातक, तेंच जाणून दिलें तर उपकारक होतें. रोपणाचीं औषधें महाग असतात. डिल्टियाझेम जोडीला दिलें, कीं अनेक रोग्यांत त्यांचा डोस तिसऱ्या हिश्शाच्या आसपास कमी करतां येतो आणि खर्च तितकाच उतरतो. आपल्या देशांतील डॉक्टरांनीं ही युक्ति पुष्कळ वापरली आहे. अर्थात् ती रक्त मोजूनच वापरावयाची असते.

पण या युक्तींतच एक खांचखळगा आहे. समजा, कोल्हापुरांत शाहूपुरीसारख्या पेठेंत राहणाऱ्या एखाद्या गृहस्थाचें मूत्रपिंडरोपण पुण्यास झालें आहे. तेथील डॉक्टरांनीं डिल्टियाझेम धरून टॅक्रोलिमसचा डोस बेतला आहे. पुढें पायांस सूज येते, किंवा नाडी मंद होते. तो गांवांतल्याच हृदयाच्या डॉक्टरांकडे जातो, पुण्याचा कागद घरींच राहतो, आणि डिल्टियाझेम बंद होऊन दुसरी गोळी सुरू होते. नाकेदार मोकळा होतो व कर पूर्ववत् वसूल होऊं लागतो. थोड्याच दिवसांत टॅक्रोलिमसचें प्रमाण घसरतें. रोग्याला कांहींच जाणवत नाहीं, उलट सूज उतरल्यामुळें बरेंच वाटतें. आणि आंत नव्या मूत्रपिंडावर हल्ला सुरू झालेला असतो. दोघाही डॉक्टरांनीं आपापल्या परीनें योग्यच केलेलें असतें. अनर्थ होतो तो दोन कागद एकमेकांना न भेटल्यामुळें.

यावरून घरच्या मंडळींनीं घ्यावयाचा धडा सोपा आहे. सर्व औषधांची एकच यादी करावी आणि ती प्रत्येक डॉक्टरांपुढें व औषधाच्या दुकानांत आधीं ठेवावी. नवें औषध सुरू होणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच जुनें औषध बंद होणेंही महत्त्वाचें मानावें. असा कोणताही बदल होतांच रोपण करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशीं कळवावें आणि रक्तांतील प्रमाण पुन्हां केव्हां मोजावयाचें तें विचारावें. मात्र हें वाचून भीतीनें कोणतीही गोळी आपल्या मनानें सोडूं नये. तेंही तितकेंच घातक. ज्यानें आपल्या देहांतील अवयव काढून दिला, त्याच्या दानाची राखण ही एवढ्या एका कागदापासून सुरू होते.