विश्लेषण : कोर्टाची इमारत झाली, संगणक आले, पुढचा खर्च कोण करणार?

*कोल्हापूरच्या सर्किट बेंचमुळे सातारा-सांगलीकरांचे उच्च न्यायालय जवळ आले. तालुक्याच्या कोर्टातही पडदे, कॅमेरे आणि ई-फायलिंग पोहोचत आहे. या सगळ्यासाठी पैसा कोठून येतो, कशावर खर्च होतो आणि पक्षकाराला त्याचा उपयोग कधी होतो?*

खटाव तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याचा जमिनीचा दावा वडूजच्या दिवाणी न्यायालयात दाखल होतो. काही वर्षांनी निकाल लागतो. हरलेला पक्ष जिल्हा न्यायालयात अपील करतो. तेथून प्रकरण द्वितीय अपिलात उच्च न्यायालयात गेले की, आजवर त्याचा अर्थ एकच होता : मुंबई. रात्रीची एसटी, सकाळी फोर्ट परिसर, वकिलांची गाठ आणि अनेकदा ‘आज बोर्डावर आले नाही’ एवढेच ऐकून परतीचा प्रवास.

१८ ऑगस्ट २०२५ पासून हा रस्ता बदलला. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज त्या दिवशी सुरू झाले. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले होते. न्याय लोकांच्या जवळ नेण्यासाठी सरकार इमारती आणि तंत्रज्ञानावर जो खर्च करते, त्याचे या भागातील हे सर्वांत ठळक उदाहरण. मात्र हा खर्च येथे संपत नाही. खरे तर तो येथून सुरू होतो.

सर्किट बेंचमुळे नेमके काय बदलले?

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील प्रकरणे आता कोल्हापुरात चालतात. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) नुसार उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने मुख्य पीठाबाहेर अन्य ठिकाणी कामकाजाची जागा ठरवू शकतात. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी १ ऑगस्ट २०२५ रोजी याच कलमाखाली अधिसूचना काढली. या सहा जिल्ह्यांतील वकील आणि पक्षकारांची ही मागणी चार दशकांहून जुनी होती.

अंतराचा हिशेब सोपा आहे. सांगली ते मुंबई सुमारे ३८० किलोमीटर, तर सांगली ते कोल्हापूर सुमारे ५०. साताऱ्याहून मुंबई सुमारे २५० किलोमीटर आणि कोल्हापूर सुमारे १२०. म्हणजे सांगलीकराला सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते, सातारकराचा प्रवास निम्म्याने कमी होतो. खंडाळा, फलटणसारख्या उत्तरेकडील तालुक्यांना मात्र हा फायदा तेवढा जाणवत नाही. जिल्हा एकच असला, तरी एकाच निर्णयाचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही.

इतक्या कमी दिवसांत कोर्ट उभे कसे राहिले?

कारण इमारत आधीपासून होती. कोल्हापूरचे जिल्हा न्यायालय कसबा बावड्यातील न्यायसंकुलात गेल्यानंतर भाऊसिंगजी रोडवरील, सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी इमारत उपलब्ध होती. सार्वजनिक बांधकाम विभागाने तिची डागडुजी केली आणि अधिसूचनेनंतर तिसऱ्या आठवड्यात तेथे न्यायदालने सुरू झाली. सुरुवातीला दोन न्यायमूर्तींचे एक खंडपीठ आणि दोन एकल पीठे अशी रचना होती.

ही व्यवस्था सुरुवातीसाठी पुरेशी असली, तरी कायमस्वरूपी पीठाची गरज वेगळी असते. न्यायदालने वाढवावी लागतात. अभिलेख कक्ष, ग्रंथालय, वकिलांच्या बसण्याची सोय, न्यायमूर्तींची निवासस्थाने, वाहनतळ असे सगळेच लागते. त्यासाठी कोल्हापुरातील शेंडा पार्क येथील जागा देण्याचा निर्णय झाला आहे. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा अनुभव येथे उपयोगी आहे. तेथील पीठही १९८१ मध्ये कलम ५१(३) खाली सुरू झाले आणि १९८४ मध्ये कायमस्वरूपी झाले.

न्यायालयाच्या इमारतीचा पैसा कोण देते?

मूळ जबाबदारी राज्य सरकारची. जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या बांधकामासाठी केंद्र सरकार मदत करते. त्यासाठीची केंद्रपुरस्कृत योजना १९९३-९४ पासून सुरू आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचा वाटा ६० टक्के, तर राज्याचा ४० टक्के असतो. २०२१ मध्ये या योजनेला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ देण्यात आली तेव्हा एकूण तरतूद ९,००० कोटी रुपये आणि त्यात केंद्राचा वाटा ५,३०७ कोटी रुपये ठरला. न्यायदालने आणि न्यायाधीशांच्या निवासस्थानांबरोबरच वकिलांसाठी सभागृह, स्वच्छतागृहे आणि डिजिटल संगणक कक्ष यांचाही त्यात समावेश करण्यात आला. ही तरतूद संपूर्ण देशासाठी आहे, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

पैसा मंजूर झाला म्हणजे लगेच खड्डा खणला जातो असे नाही. जागा निश्चित होते, बांधकाम विभाग आराखडा आणि अंदाजपत्रक तयार करतो, विधी व न्याय विभागाची प्रशासकीय मान्यता मिळते, त्यानंतर तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश. केंद्राचा पुढचा हप्ता हवा असेल, तर आधीचा पैसा कोठे खर्च झाला याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. एका टेबलावर फाइल अडली, तर पुढची सगळी साखळी थांबते. बांधकामाची प्रगती कळावी म्हणून ‘न्याय विकास’ या पोर्टलवर इमारतींची छायाचित्रे भौगोलिक स्थानासह नोंदवली जातात. हे काम इस्रोच्या मदतीने सुरू झाले.

संगणक, पडदे, ई-फायलिंग यांचा खर्च वेगळा असतो का?

होय. तो प्रामुख्याने केंद्राच्या ई-कोर्ट प्रकल्पातून होतो. पहिला टप्पा २०११ ते २०१५ या काळात झाला आणि त्यात सुमारे ६३९ कोटी रुपये खर्च झाले. दुसऱ्या टप्प्यात २०२३ पर्यंत सुमारे १,६६८ कोटी रुपये लागले. १३ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्याची रक्कम आहे ७,२१० कोटी रुपये आणि मुदत चार वर्षांची. म्हणजे आधीच्या दोन्ही टप्प्यांच्या एकत्रित खर्चाच्या तिपटीहून अधिक.

या प्रकल्पाचे एक नाते पुण्याशी आहे. देशभरातील जिल्हा न्यायालये खटल्यांच्या नोंदींसाठी जी ‘सीआयएस’ प्रणाली वापरतात, ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातील पथकाने तयार केली आहे. मोबाइलवर पुढची तारीख दिसते, ती याच प्रणालीत भरलेल्या नोंदीमुळे.

७,२१० कोटींमध्ये काय काय आहे?

• जुन्या आणि चालू प्रकरणांच्या कागदपत्रांचे स्कॅनिंग व डिजिटल जतन : २,०३८.४० कोटी
• क्लाउड साठवण यंत्रणा : १,२०५.२३ कोटी
• सध्याच्या न्यायालयांना वाढीव यंत्रसामग्री : ६४३.६६ कोटी
• नव्या न्यायालयांतील यंत्रसामग्री : ४२६.२५ कोटी
• ४,४०० ई-सेवा केंद्रे : ३९४.४८ कोटी
• सौर ऊर्जेची पर्यायी व्यवस्था : २२९.५० कोटी
• व्हिडिओ कॉन्फरन्सिंग : २२८.४८ कोटी
• प्रशिक्षण व क्षमतावाढ : २०८.५२ कोटी
• मनुष्यबळ : ५६.६७ कोटी

या यादीतील पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. प्रत्येक रुपयातील २८ पैसे स्कॅनिंगसाठी आहेत, तर मनुष्यबळासाठी एक पैसाही पूर्ण नाही. याचा अर्थ माणसे लागणारच नाहीत, असा नाही. माणसांचा मुख्य भार राज्य सरकार आणि न्यायालयांच्या नियमित आस्थापनेवर राहणार, असा आहे.

स्कॅनिंगवर इतका मोठा खर्च कशासाठी?

कागद हा न्यायालयाचा कणा आहे आणि तोच सर्वांत नाजूक भाग आहे. जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे, कैफियती, रोजनामे, साक्षीपुरावे यांचे गठ्ठे अभिलेख कक्षात वर्षानुवर्षे राहतात. वाळवी, ओल आणि पूर यांपैकी काहीही त्यांना पुरेसे असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या शहराला कागद जपण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. सांगलीचे जिल्हा न्यायालय जुन्या राजवाडा परिसरातून विजयनगरला गेले, तेव्हा इमारत नवी झाली. पण कागद सुरक्षित राहायचा तर त्याची दुसरी प्रत दुसरीकडे हवी.

दुसरे कारण नक्कल. कागदपत्र डिजिटल असेल, तर ते शोधण्यात जाणारा वेळ वाचतो. अपिलासाठी खालच्या कोर्टाची मूळ फाइल येण्याची वाट पाहावी लागत नाही. वडूजची फाइल कोल्हापुरात पडद्यावर उघडता आली, तर सर्किट बेंचचा खरा उपयोग होईल.

नव्या फौजदारी कायद्यांचा याच्याशी काय संबंध?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ५३० नुसार तपासणी, साक्ष, खटल्याचे कामकाज इलेक्ट्रॉनिक माध्यमातून करता येते. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. म्हणजे मुद्देमालाच्या पंचनाम्यासोबत आता चित्रफीतही न्यायालयात येते. ती साठवायला जागा हवी, दाखवायला पडदा हवा आणि आरोपीच्या वकिलाला तिची प्रत मिळायला हवी.

लाभ मोठा आहे. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरची बदली झाली असली, तरी त्याला दिवसभर रजा टाकून साताऱ्याला यावे लागणार नाही. कच्च्या कैद्याला केवळ पुढची तारीख देण्यासाठी पोलीस बंदोबस्तात कारागृहातून आणावे लागणार नाही. मात्र ऐन साक्षीच्या वेळी वीज गेली किंवा आवाज तुटला, तर तारीख पुढे जाते. सौर ऊर्जेसाठी २२९ कोटींची स्वतंत्र तरतूद आहे, ती यासाठीच.

मग अडचण नेमकी कोठे आहे?

सरकारी हिशेबात खर्चाचे दोन भाग असतात : भांडवली आणि महसुली. इमारत बांधणे हा भांडवली खर्च. पगार, वीजबिल, दुरुस्ती, सफाई हा महसुली. शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. विहीर एकदाच खणतात, मोटारीचे बिल मात्र दर महिन्याला येते. बिल थकले, तर विहिरीत पाणी असूनही पीक वाळते.

ग्राम न्यायालयांत हेच दिसले. २००८ च्या कायद्यानुसार २ ऑक्टोबर २००९ पासून ही योजना सुरू झाली. गावपातळीवर छोटे वाद मिटावेत, हा हेतू. केंद्राने प्रत्येक ग्राम न्यायालयासाठी एकदाच १८ लाख रुपये देऊ केले : इमारतीला १० लाख, वाहनाला ५ लाख आणि कार्यालयीन साहित्याला ३ लाख. दैनंदिन खर्चासाठीची मदत मात्र वर्षाला जास्तीत जास्त ३.२० लाख आणि तीही पहिली तीन वर्षे. नंतरचा सगळा भार राज्याने उचलायचा. देशभरात ही योजना अपेक्षेइतकी का पसरली नाही, याचे एक कारण या आकड्यांत आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही या दुसऱ्या खर्चाकडे लक्ष वेधले आहे. न्यायालयांच्या आवारात पुरुष, महिला, दिव्यांग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, असा निकाल १५ जानेवारी २०२५ रोजी देण्यात आला. त्यात राज्यांनी बांधकामासाठीच नव्हे, तर देखभाल आणि सफाईसाठीही पुरेसा निधी द्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. दिवसभर कोर्टात ताटकळणाऱ्या महिला पक्षकारासाठी हा प्रश्न निकालाइतकाच जवळचा असतो.

महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत ५० लाखांहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. नवे दालन बांधले आणि न्यायाधीश, लघुलेखक, लिपिक, बेलीफ यांची पदे भरली नाहीत, तर एकही प्रकरण कमी होत नाही. स्कॅनर आला आणि तो चालवणारा नसला, तर गठ्ठे जागेवरच राहतात.

पक्षकाराने काय लक्षात ठेवावे?

प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलाकडून मागून घ्यावा. ई-कोर्ट सेवा ॲपवर त्यावरून पुढची तारीख, आदेश आणि प्रकरणाची स्थिती मोफत पाहता येते. स्मार्टफोन वापरता येत नसेल, तर ई-सेवा केंद्रात जाऊन हीच माहिती घेता येते. ई-फायलिंग, ऑनलाइन शुल्क, कारागृहातील नातेवाइकाच्या ई-मुलाखतीची वेळ आणि मोफत विधी साहाय्याची माहिती यांसाठीही ही केंद्रे आहेत. तालुक्यातील कोर्टाची इमारत रखडली असेल, तर प्रशासकीय मान्यतेची तारीख, कार्यादेश आणि झालेला खर्च माहिती अधिकारात बांधकाम विभागाकडे मागता येतो.

जुना धडा काय सांगतो?

१९४०च्या दशकात साताऱ्याच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे चालवली. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. त्या मंडळांकडे ना इमारत होती, ना शिक्का. निवाडा करणारी माणसे मात्र गावात हजर होती. आजच्या घटनात्मक न्यायव्यवस्थेशी त्यांची तुलना होऊ शकत नाही, पण लोकांना काय हवे असते ते त्यातून कळते.

कोल्हापुरात आता उच्च न्यायालय आहे. शेंडा पार्कात उद्या मोठी वास्तू उभी राहील. वडूज, जत, पाटण, शिराळ्याच्या कोर्टात पडदे लागतील. अर्थसंकल्पात पुढच्या वर्षी पाहायचे ते एवढेच : इमारतींच्या तरतुदीसोबत पदांची, देखभालीची आणि वीजबिलाची तरतूदही वाढली का? खटावच्या शेतकऱ्याला आपले प्रकरण बोर्डावर आलेले दिसेल की पुन्हा नुसतीच तारीख मिळेल, ते त्यावर ठरेल.