पिवळा गुलाब हवा, पण वासाचा

आमच्या अम्मींच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला त्याला आता बरीच वर्षे झाली. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना ओळखू येत नाही, आवाजावरून ओळखतात. उजळ रंग मात्र अजून थोडेफार दिसतात, त्यातही पिवळा जास्त. फजरची नमाज झाली की तसबीह घेऊन त्या गॅलरीत बसतात. तीन हिवाळ्यांपूर्वी एकदा मला म्हणाल्या, "बेटी, इथं एक पिवळा गुलाब लाव. पण वासाचा बघ. मला तो सापडला पाहिजे."

काम सोपे वाटले. जवळच्या एका रोपवाटिकेत गेले, पिवळेधमक फूल लागलेले रोप निवडले आणि विचारले, "वासाचा आहे ना?" उत्तर आले, "ताई, गुलाब आहे म्हटल्यावर वास येणारच." फूल दिसायला इतके देखणे होते की नाक लावून बघायचे मला सुचलेच नाही. घरी आल्यावर अम्मींनी फूल ओंजळीत धरले, नाकाशी नेले, परत नेले आणि हळूच सोडून दिले. बोलल्या काही नाहीत. त्या न बोलण्यानेच मला या गुलाबाच्या मागे लावले.

मागे लागल्यावर कळले की पिवळा रंग आणि सुवास यांचे पहिल्यापासूनच फारसे जमलेले नाही. आपल्या घरांत गुलाबाचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो सगळा गुलाबी रंगाच्या फुलांचा. गुलकंद होतो तो देशी गुलाबी गुलाबाचा. काबागृहाला गुस्ल देताना जमजमच्या पाण्यात ताइफचे गुलाबजल मिसळतात, ते ताइफचे फूलही गुलाबीच. इराणमध्ये काशानच्या आसपास दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास गुलाबजल काढण्याचा हंगाम असतो, तिथल्या फुलाला लोक प्रेमाने 'गुले मुहम्मदी' म्हणतात, त्याचा रंगही तोच. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराचे श्रेय नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला दिले आहे. तिच्या हंड्यातल्या गरम गुलाबजलावर जो तेलाचा तवंग आला, तोही पिवळ्या फुलांचा नव्हता.

पिवळा गुलाब आपल्या लोकांना माहीत नव्हता असे मात्र नाही. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्नुल अव्वामने शेतीवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात पिवळ्या गुलाबाचा उल्लेख आहे. इराण आणि तुर्कस्तानच्या बागांत तो होताच. युरोपला भरगच्च पाकळ्यांचा पिवळा गुलाब पहिल्यांदा कळला, तो कॉन्स्टँटिनोपलहून व्हिएन्नात आलेल्या बागेच्या एका कागदी नमुन्यावरून. क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यात ते फूल पाहिले आणि मग खरे झाड शोधायची धावपळ सुरू झाली. कागदाच्या फुलावरून!

पुढे १८३०च्या दशकात इराणचा 'पर्शियन यलो' इंग्लंडला पोहोचला. रंग असा की दुसऱ्या कुठल्या गुलाबात नव्हता. पण वनस्पतिशास्त्रात या जातीचे नावच 'फिटिडा', म्हणजे दुर्गंधी. ज्यांनी हुंगला ते सांगतात की जवसाच्या तेलासारखा उग्र वास येतो. फ्रान्समधल्या लियों शहराच्या जोसेफ पेर्ने-दुशे यांनी वर्षानुवर्षे खटपट करून याचा संकर बागेतल्या गुलाबाशी घडवला आणि १९०० साली 'सोले दोर' हे फूल बाजारात आणले. आज आपण कुंडीत लावतो ते जवळजवळ सगळे गडद पिवळे गुलाब त्या एका इराणी आजीची नातवंडे आहेत. रंग तिचा, आणि पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडायची खोडही बरीचशी तिचीच.

सुवास आला तो दुसऱ्या घराण्याकडून. चीनमधून एक फिकट पिवळा, 'टी रोझ' म्हणून ओळखला जाणारा गुलाब १८२४ साली इंग्लंडला गेला. त्या घराण्यातला 'मारेशाल नील' हा वेल १८६४चा. पिवळा आणि घमघमणारा, पण मान इतकी नाजूक की फूल कायम खाली बघते. म्हणजे पिवळ्या गुलाबाला वास असतो तेव्हाही तो बहुधा अत्तराच्या बाटलीतला वास नसतो. चहाची पत्ती, पिकलेले फळ, थोडे लिंबू, कधी बडीशेप, असे काहीतरी असते. हे आधी माहीत असलेले बरे, नाहीतर चांगले रोप मिळूनही माणूस नाराज होतो.

मग रोपवाटिकेत एवढे बिनवासाचे पिवळे गुलाब का? कारण त्यांतले पुष्कळसे पुष्पगुच्छासाठी घडवलेले आहेत. तळेगाव-मावळ भागातल्या पॉलिहाउसमधून जी फुले शहरांत येतात, त्यांना लांब दांडा हवा, जाड पाकळी हवी आणि फुलदाणीत आठवडाभर टिकाव हवा. वास हवा असे कोणी मागितलेच नाही. तीच रोपे मग कुंडीत बसून आपल्याकडे येतात.

काही नावे सांगते, चिठ्ठीवर लिहून न्या. 'सटर्स गोल्ड' ही १९५० सालची अमेरिकन जात. कळीवर तांबूस छटा, फूल लवकर उमलते आणि लवकर झडते, पण सुवास दमदार. १९६६ साली तिला अमेरिकेत सुवासासाठीचे खास पदक मिळाले. 'फ्रीसिया' (काही ठिकाणी हिलाच 'सनस्प्राइट' म्हणतात) जर्मनीची. झुपक्यांनी फुलते, पिवळा रंग उन्हातही बराच टिकतो, आणि १९७९ साली तेच पदक तिलाही मिळाले. 'ग्रॅहॅम थॉमस' ही इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिन यांची १९८३ची जात. वाटीसारखे भरलेले फूल, चहाचा मंद वास, पण झाड उंच होते, लहान गॅलरीत आवरत नाही. 'गोल्ड मेडल' आपल्याकडे सहज मिळते, वास मध्यम. 'लँडोरा' त्याहून सहज मिळते आणि दिसायला अप्रतिम, पण वासाच्या आशेने घेऊ नका. प्रसिद्ध 'पीस'चेही तेच. कौतुक मोठे, वास बेताचा.

आणि 'आर्थर बेल'. उत्तर आयर्लंडच्या सॅम मॅकग्रेडी यांची जात. फूल पिवळेजर्द उमलते आणि दोन दिवसांत सायीच्या रंगाचे होते, पण वास शेवटच्या पाकळीपर्यंत राहतो आणि रोप काटक आहे. अडचण एकच. ज्याच्या नावाने हा गुलाब आहे तो स्कॉटलंडचा व्हिस्कीवाला! आमच्या घरात हे कळल्यावर मुलांनी हसून गोंधळ घातला. त्यात झाडाचा काय दोष? आम्ही त्याला नुसते 'पिवळ्या' म्हणतो.

नावाच्या चिठ्ठीवरही पूर्ण भरवसा ठेवू नये, कारण चिठ्ठ्या बदलतात. भरवसा नाकावर ठेवावा. रोप घ्यायला डिसेंबर ते फेब्रुवारीत जावे, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, दव सुकल्यावर. फूल अर्धे उमललेले निवडावे. बंद कळीला वास नसतो आणि पूर्ण फुललेल्याचा उडून गेलेला असतो. फुलावर हलकी फुंकर मारावी, तोंडाच्या उबेने वास जागा होतो. दोन-तीन फुलांनंतर नाक थकते, तेव्हा थोडे फिरून यावे. फूल नसलेले रोप कोणी कितीही शपथा घेतल्या तरी घेऊ नये. दुसऱ्या वर्षी मी असेच हुंगत हुंगत 'पिवळ्या' निवडला. रोपवाटिकेतला मुलगा बघतच राहिला. त्याने गाडीत मोडू नये म्हणून फूल छाटूनच दिले, त्यामुळे अम्मींना पुराव्यादाखल दाखवायला माझ्याकडे काहीच उरले नाही.

रोप बघताना डोळा भरलेली जागा, म्हणजे बुंध्यावरची गाठ, नीट पाहावी. पिवळ्या जातींच्या नुसत्या फांद्या लावून त्यांना मुळे फुटणे अवघड, म्हणून त्या जंगली गुलाबाच्या खुंटावर बांधतात. लावताना ही गाठ मातीच्या वर राहू द्यावी. गाठीखालून जोमदार फूट आली की आपल्याला आनंद होतो, पण ती खुंटाची असते. ती मुळापासून ओढून काढली नाही तर वर्षभरात पिवळा गुलाब मरतो आणि जंगली तेवढा उरतो.

कुंडी बारा ते चौदा इंचांची, खाली भोके मोकळी. निम्मी पोयट्याची माती, त्यात चांगले कुजलेले शेणखत, थोडी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. काळी चिकट माती नुसती भरू नये, पाणी कोंडते. दिवसाला सहा तास ऊन हवे, तेही सकाळचे. एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली करावी. वरची इंचभर माती सुकली की पाणी द्यावे. भरपूर द्यावे, पण बुंध्याशी, पानांवर नाही. आणि चहाचा चोथा टाकायचाच असेल तर धुऊन टाकावा. दूधसाखरेचा चोथा म्हणजे मुंग्यांना दावत.

पाण्यावरून सांगायचे तर आमच्याकडे वजूच्या नळाखाली टोपले ठेवलेले असते. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरमध्ये वजू करत, असे हदीसमध्ये आहे. आपण नळ सोडून किती वाहवतो ते टोपले ठेवल्यावर पहिल्याच दिवशी कळले, आणि मान खाली गेली. ते पाणी स्वच्छ असते, साबण नसतो, गुलाबाला चालते. आता टोपले पूर्वीसारखे भरत नाही, हेही नोंदवते.

पहिला उन्हाळा वाईट गेला. फुले लहान आली, दुपारपर्यंत फिकी पडली, आणि कोरड्या गरम वाऱ्यात वास टिकतच नाही. अम्मी म्हणाल्या, "हाही तसलाच." मग पावसाळा आला. जुलैत पानांवर काळे ठिपके पडले, पाने पिवळी होऊन गळाली, ऑगस्टमध्ये नुसत्या काड्या उरल्या. कोकणातल्या भगिनींना तर हे जास्तच भोगावे लागत असेल. त्यांनी पावसाळ्यात कुंडी पागोळीखालून आत, वारा लागेल अशा जागी घ्यावी. ही बुरशी ओल्या पानावरच रुजते, म्हणून पान कोरडे ठेवणे हा अर्धा इलाज आहे. गळलेले प्रत्येक पान उचलून कचऱ्यात टाकावे, कुंडीत कुजू देऊ नये. कळ्यांच्या कडा तपकिरी होऊन फूल उमलत नसेल तर फुलकिडे समजावेत. पिवळ्या-पांढऱ्या फुलांवर ते जास्त येतात. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि चार थेंब द्रव साबण घालून संध्याकाळी फवारावे. रासायनिक औषध मारलेच तर त्या पाकळ्या शरबतात, खिरीत किंवा मुलांच्या हातात जाऊ देऊ नयेत. नव्या रोपाच्या पाकळ्याही पहिले काही महिने खाऊ नयेत, रोपवाटिकेत काय मारले होते ते आपल्याला ठाऊक नसते.

पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी करायची. इथे पिवळ्या गुलाबाशी जरा सांभाळून वागावे. लाल गुलाब कितीही खाली कापला तरी उठतो, पिवळ्याच्या फांद्या कापलेल्या टोकापासून काळ्या पडत खाली वाळत जातात. म्हणून साधारण तिसरा भागच कापावा, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या थोडे वर, धारदार स्वच्छ कात्रीने, आणि कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावावी. मग दोन ओंजळी शेणखत, चमचाभर बोनमील. सहा ते आठ आठवड्यांत फुले येतात.

आमच्याकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. मी आत चहा ठेवत होते. गॅलरीतून अम्मींची हाक आली, "बेटी, चहाचा डबा उघडा टाकलास का? इकडे वास येतोय." मी डबा बघितला, झाकण लावलेले होते. बाहेर गेले तर त्या कुंडीकडे हात लांबवून फूल चाचपत होत्या. सापडले. बराच वेळ नाकाशी धरून बसल्या आणि मग म्हणाल्या, "हा काही गुलाबाचा वास नाही." मी म्हटले, "अम्मी, पिवळ्याचा असाच असतो." "असू दे," त्या म्हणाल्या, "पण कुंडी जरा इकडे सरकव, डाव्या हाताला."