माहिती चौकट : वारा मोजा बांधावरच

पाचोऱ्यापासून रावेरपर्यंत वळवाचा वारा सुटला की केळीच्या बागा आडव्या होतात. त्याचा वेग आर्डुइनो उनो या छोट्या सर्किट बोर्डवर असा मोजा :

● साधन : तीन वाट्यांचा वेगमापक. फिरत्या भागावरचा चुंबक रीड स्विचसमोर आला की एक ठोका पडतो.

● जोडणी : स्विचची एक तार उनोच्या २ क्रमांकाच्या पिनला, दुसरी ग्राउंडला. पिनचा अंतर्गत पुल-अप सुरू ठेवा.

● हिशेब : बाजारातल्या एका प्रचलित मापकात सेकंदाला १ ठोका म्हणजे ताशी २.४ किमी, १० ठोके म्हणजे २४.

● उंची : मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर हे जागतिक प्रमाण.

फळपीक विम्यासाठी मात्र अधिकृत हवामान केंद्राचीच नोंद धरतात.