'अजून किती काळ?' : ख्रिस्ती शास्त्रातील दुःख, प्रार्थना व अंतकाळ यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना

मनुष्यावर आपत्ती कोसळली म्हणजे त्याच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात. हे माझ्याच वाट्याला का आले, आता मी कोणाला हाक मारावी आणि याचा शेवट केव्हा होणार? सर्व धर्मपरंपरांनी आपापल्या परीने या प्रश्नांना सामोरे जाण्याचा प्रयत्न केला आहे. ख्रिस्ती परंपरेत पहिल्या प्रश्नाचा विचार दुःखमीमांसेत, दुसऱ्याचा प्रार्थनेत आणि तिसऱ्याचा अंतकाळाच्या सिद्धान्तात होतो. हे तिन्ही विषय बहुधा स्वतंत्रपणे शिकविले जातात. परंतु पवित्र शास्त्राचे वाचन बारकाईने केले असता ते एकाच धाग्यात ओवलेले आहेत असे दिसून येते.

या विषयाचे महत्त्व केवळ सैद्धान्तिक नाही. २०२० व २०२१ या वर्षांत कोरोनाच्या महामारीने असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली. आजारी माणसाचा हात हातात घेण्याची मुभा नव्हती आणि अंत्यविधीस चार माणसे जमणेही दुरापास्त झाले होते. अशा वेळी ही ईश्वरी शिक्षा आहे, जगाचा अंत जवळ आला आहे, अशी विधाने निरनिराळ्या धर्मसमाजांतून ऐकू आली. ख्रिस्ती समाजही त्यास अपवाद नव्हता. ज्याच्या घरातील माणूस गेले त्याच्या दृष्टीने असे विधान म्हणजे मृताच्या माथी मारलेला दोषच होय. म्हणून असे बोलण्यास शास्त्राचा खरोखर आधार आहे काय, हे तपासणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात ईयोबाचा ग्रंथ, विलापस्तोत्रे व प्रकटीकरण यांच्या आधारे हा विचार मांडला असून शेवटी महाराष्ट्रातील एका उदाहरणाचा परामर्श घेतला आहे.

१. दुःख आणि पाप यांचे समीकरण

जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथात ४२ अध्याय आहेत. आरंभीचे दोन अध्याय व अखेरचा काही भाग गद्यात आहे आणि मधला दीर्घ संवाद प्रामुख्याने पद्यात आहे. ईयोब हा नीतिमान पुरुष असल्याचे ग्रंथकार आरंभीच सांगतो. त्यामुळे त्याच्यावर ओढवलेले संकट हे त्याच्या पापाचे फळ नव्हे, हे वाचकास ठाऊक असते. मात्र ते त्याच्या मित्रांना ठाऊक नसते.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र समाचारास येतात आणि प्रथम सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहतात. त्यांच्या हातून घडलेली ही सर्वांत चांगली गोष्ट होय, असे म्हणावयास हरकत नाही. ते बोलू लागतात तेव्हा मात्र त्यांचे सारे प्रतिपादन एका सूत्राभोवती फिरते. ईश्वर न्यायी आहे, तो निरपराध्यास दंड करीत नाही, त्याअर्थी ईयोबाने काहीतरी अपराध केलाच असला पाहिजे. हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या नेटका आहे आणि म्हणूनच तो निर्दय आहे. सिद्धान्त वाचविण्यासाठी मित्राला दोषी ठरविण्याची त्यांची तयारी आहे.

मराठी वाचकास येथे कर्मफलाच्या कल्पनेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि दोहोंत एक भेद आहे. कर्मसिद्धान्तात पूर्वजन्माचा विस्तीर्ण पट गृहीत धरलेला असतो. ईयोबाच्या मित्रांपुढे तसा पट नाही. त्यामुळे त्यांना सारा हिशोब याच आयुष्यात जुळवावा लागतो आणि तो न जुळला की आरोपाची धार वाढत जाते.

अखेरीस परमेश्वर वावटळीतून बोलतो. तो दुःखाचे कारण सांगत नाही. सृष्टीची अफाटता, समुद्राच्या मर्यादा आणि रानातील पशुपक्ष्यांचे जीवन तो ईयोबापुढे उभे करतो. हे उत्तर पुष्कळांना अपुरे वाटते आणि त्यांची ती तक्रार रास्तही आहे. परंतु ग्रंथाच्या शेवटी एक निर्णय स्पष्टपणे दिलेला आहे. ईश्वराच्या बाजूने बोलणाऱ्या मित्रांनी त्याच्याविषयी योग्य ते सांगितले नाही, ते ईश्वराशी वाद घालणाऱ्या ईयोबाने सांगितले, असा तो निर्णय होय. दुःखितास दोष देणाऱ्या धर्मनिष्ठेचा याहून स्पष्ट निषेध क्वचितच आढळेल.

नव्या करारातही हीच दिशा कायम राहते. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती हा समज येशूने नाकारल्याचे लूकच्या शुभवर्तमानात नमूद आहे. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असा प्रश्न केला असता, ते त्याचेही नव्हे व त्याच्या आईबापांचेही नव्हे, असे येशूने सांगितल्याचे योहानाच्या शुभवर्तमानात येते. मनुष्याच्या दुष्कृत्यांतून पुष्कळ दुःख निर्माण होते, हे शास्त्र नाकारीत नाही. परंतु दुःख पाहून पापाचे अनुमान करण्याचा उलटा मार्ग ते बंद करते.

२. विलाप ही प्रार्थनाच

प्रार्थना म्हटली म्हणजे स्तुती, आभार आणि मागणे हे तीन प्रकार सामान्यतः डोळ्यांपुढे येतात. बायबलमध्ये त्यांच्या जोडीला विलाप हा चौथा प्रकार तितक्याच ठसठशीतपणे आढळतो. १५० स्तोत्रांच्या संग्रहास हिब्रू परंपरेत स्तुतिगीते असे नाव आहे. तरीही त्यांतील सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. परमेश्वराने आपणास विसरावे, त्याने मुख लपवावे, हे अजून किती काळ चालणार, अशी उघड विचारणा त्यांत आहे.

या स्तोत्रांची रचना बहुधा ठरावीक असते. हाक, तक्रार, याचना आणि शेवटी विश्वासाचा उद्गार असा त्यांचा क्रम दिसतो. परंतु ८८ वे स्तोत्र या क्रमास अपवाद आहे. त्याचा शेवट अंधाराच्या उल्लेखाने होतो आणि आशेचे वाक्य येतच नाही. संग्राहकांनी हे स्तोत्र वगळले नाही किंवा त्यास दिलाशाची पुस्तीही जोडली नाही. ज्या भक्तास आज आशेचा शब्द उच्चारता येत नाही, त्याच्याही प्रार्थनेस उपासनेत स्थान आहे, असा त्याचा अर्थ होतो.

यरुशलेमच्या इ.स.पू. सहाव्या शतकातील विध्वंसानंतरची विलापगीते याच दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. पाच काव्यांच्या या संग्रहात पहिली चार काव्ये हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या अनुक्रमाने रचलेली आहेत. अमर्याद शोकास अक्षरांची चौकट दिल्यामुळे तो समाजाला एकत्र उच्चारता येतो. मराठी लोकजीवनात मृताच्या घरी जमलेल्या स्त्रिया आठवणी सांगत रडतात, त्यांच्या रडण्यालाही एक लय असते. शोकाला रूप देण्याची गरज सर्वत्र सारखीच आहे, असे यावरून म्हणता येईल.

येशूच्या जीवनात या परंपरेचा परमोत्कर्ष दिसतो. गेथशेमाने बागेत आपल्यापुढील प्याला टळावा अशी त्याने प्रार्थना केली आणि ती मान्य झाली नाही. वधस्तंभावर त्याच्या मुखी २२ व्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश आला. ज्याची विनंती मान्य होत नाही त्याचा विश्वास उणा असतो, या प्रचलित समजुतीस हा प्रसंगच उत्तर देतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात याच विचाराचा विस्तार केला आहे. तेथे सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे आणि शब्द सुचेनासे झालेल्या भक्तासाठी आत्माही कण्हत मध्यस्थी करीत आहे. प्रसूतिवेदनांची प्रतिमा येथे महत्त्वाची आहे, कारण त्या वेदनेच्या पलीकडे जन्म असतो. दुःख व प्रार्थना यांचा विचार येथून अंतकाळाच्या विचाराकडे वळतो.

३. प्रकटीकरणाचा अर्थ

नव्या कराराच्या शेवटच्या ग्रंथाचे ग्रीक नाव आवरण दूर करणे या अर्थाचे आहे आणि 'प्रकटीकरण' या मराठी शब्दात तो अर्थ नेमका उतरला आहे. 'प्रलय' हा शब्द येथे पुरेसा पडत नाही. भारतीय कालचक्रात प्रलयानंतर पुन्हा सृष्टी आणि पुन्हा युगांचा क्रम येतो. ख्रिस्ती विचारात काळ आरंभापासून पूर्ततेकडे एकाच दिशेने जातो. शिवाय त्या पूर्ततेचे चित्र केवळ संहाराचे नाही. ग्रंथाच्या अखेरीस नवे आकाश व नवी पृथ्वी आहे, मनुष्यांमध्ये वसतीस आलेला देव आहे आणि डोळ्यांतील प्रत्येक अश्रू तो पुसून टाकील असे आश्वासन आहे.

हा ग्रंथ बहुसंख्य अभ्यासकांच्या मते इ.स. ९५ च्या सुमारास, रोमन सम्राट दोमितियनच्या काळात लिहिला गेला. पात्म बेटावरील योहानाने तो आशिया प्रांतातील इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया व लावदिकीया या सात नगरांतील मंडळ्यांना उद्देशून लिहिला. सम्राटपूजेचा आग्रह आणि छळाची भीती यांच्या छायेत या मंडळ्या जगत होत्या. त्यामुळे ग्रंथातील पशू, सात डोंगर, बाबेल ही चिन्हे त्या वाचकांना परिचित होती. ६६६ ही संख्या नीरो कैसर या नावाच्या हिब्रू अक्षरमूल्यांशी जुळते, हे अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. अठराव्या अध्यायात बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी येते. ती सोन्याने सुरू होते आणि गुलाम म्हणून विकल्या जाणाऱ्या माणसांपाशी संपते. साम्राज्याच्या वैभवाचे आवरण दूर केले असता खाली काय दिसते, हे त्या यादीने उघड केले आहे.

सहाव्या अध्यायात वेदीखाली असलेले हुतात्म्यांचे आत्मे आक्रोश करतात आणि न्यायाला अजून किती काळ लागणार असे विचारतात. स्तोत्रकर्त्याचाच प्रश्न येथे स्वर्गातही विचारला जातो, हे लक्षणीय आहे. त्यांना उत्तरादाखल शुभ्र झगा मिळतो आणि आणखी थोडा वेळ विसावा घेण्यास सांगण्यात येते. तारीख मात्र मिळत नाही.

४. तारखांचा मोह

असे असूनही अंताची तारीख काढण्याचे प्रयत्न इतिहासात वारंवार झाले. अमेरिकेतील विल्यम मिलर याने दानीएलाच्या ग्रंथातील २३०० दिवसांचा अर्थ २३०० वर्षे असा लावला. त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा म्हणून धरला. काहींनी शेतातील पीकही काढले नाही. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला आणि ती घटना इतिहासात महानिराशा या नावाने ओळखली जाते.

वस्तुतः तो दिवस व ती घटका कोणासही, पुत्रासही ठाऊक नाही, असे मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडीच आलेले आहे. थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात काम सोडून बसलेल्यांची कानउघाडणी केलेली आहे आणि अनेक भाष्यकार तिचा संबंध अंत समीप आल्याच्या समजुतीशी जोडतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दृश्यात भुकेल्यास अन्न दिले काय, उघड्यास वस्त्र दिले काय, आजाऱ्यास भेटलास काय, याचीच विचारणा आहे. अंतकाळाची गणिते कोणाला किती अचूक मांडता आली, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही.

५. महाराष्ट्रातील एक उदाहरण

या तिन्ही सूत्रांचा संगम पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनात पाहावयास मिळतो. १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या काळात त्यांचे आईवडील व बहीण निवर्तली. पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पतीचेही निधन झाले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन स्थापन केले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व स्त्रिया यांना आश्रय दिला आणि त्यातून केडगाव येथील मुक्तिसदन उभे राहिले. दुष्काळ हा कोणाच्या पापाचा दंड, या चर्चेपेक्षा उपाशी मुलीस गाडीत बसवून आणणे त्यांनी महत्त्वाचे मानले. भुकेचा अनुभव त्यांनी स्वतः घेतलेला होता. १९०५ मध्ये मुक्तिसदनात प्रार्थनेचे मोठे पुनरुज्जीवन झाले. स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापकबुली देत. त्याच आवारात शेती, विणकाम व छपाईही चालू होती. प्रार्थना आणि श्रम यांत तेथे अंतर पडले नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रियांनाही ते समजावे, हा त्यांचा हेतू होता. १९२१ मध्ये कन्या मनोरमा यांचे निधन झाले. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर मुक्तिसदनाच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाले. ईयोबाचा आक्रोश व प्रकटीकरणातील आश्वासन केडगावच्या मुलींपर्यंत त्यांच्याच बोलीच्या जवळच्या भाषेत पोहोचावे, यासाठी एका शोकग्रस्त मातेने आपले अखेरचे दिवस वेचले होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की ख्रिस्ती शास्त्र दुःखाचे सर्वसमावेशक स्पष्टीकरण देत नाही आणि दुःखितास दोषी ठरविण्याची मुभाही देत नाही. तक्रारीस ते प्रार्थनेचा दर्जा देते. अंतकाळाचा विचार त्या तक्रारीस भविष्याची दिशा देतो. अश्रू पुसले जाणार आहेत असा विश्वास असेल, तर आज समोर असलेले अश्रू पुसणे हे त्या विश्वासाचेच आचरण ठरते. अजून किती काळ, या प्रश्नास तारखेचे उत्तर शास्त्रात नाही. तोवर काय करावयाचे, हे मात्र तेथे पुरेशा स्पष्टपणे सांगितलेले आहे. पुढील आपत्तीत शोकग्रस्ताच्या घरी जाणाऱ्याने ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस तेवढे अनुसरावेत आणि आठव्या दिवसापासूनचे त्यांचे भाषण टाळावे, एवढे भान या अभ्यासातून आले तरी ते पुष्कळ होईल.